मधले सहा क्ष

"सायन्सच घेतलंय ना?"

इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत हा प्रश्न हमखास कानावर पडतो. गणपती ऑगस्टअखेरीस आले तर जास्तच. कारण त्याच सुमारास इथे जीसीएसईचा निकाल लागलेला असतो, सोळा वर्षांची मुलं आईबाबांच्या मागे संकोचून उभी असतात आणि काका-मावश्यांना त्यांच्याशी बोलायला तेवढाच विषय सुचतो. मूल मान हलवतं. आई म्हणते, "हो, मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री." विचारणाऱ्याचं समाधान होतं. रांग पुढे सरकते.

मला या प्रश्नाचा राग आहे. विचारणाऱ्यांचा नाही, त्यांना मुलांचं भलंच हवं असतं. पण हा प्रश्न पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहून सामानाबरोबर आलेला आहे आणि इथल्या शाळेला तो लागू पडत नाही.

इंग्लंडात 'सायन्सला' जाता येत नाही. अकरावी सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा शाखाच नाहीत. विषय निवडायचे असतात, आणि तेही तीन. फार तर चार. नऊ-दहा विषयांची जीसीएसई संपली की पुढची दोन वर्षं सिक्स्थ फॉर्मची, शेवटी ए-लेव्हलची परीक्षा आणि मग विद्यापीठ. या दोन वर्षांत मूल निवडलेले तीन विषय शिकतं आणि बाकीचे सगळे सुटतात. महाराष्ट्रात अकरावी सायन्सला गेलेल्या मुलाला निदान इंग्रजी तरी असतं. इथे भाषा सुटते, इतिहास सुटतो, गणितसुद्धा सोडता येतं. केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि सायकॉलॉजी घेणारी मुलं आहेत. गणित, इकॉनॉमिक्स आणि संगीत घेणारी आहेत. म्हणजे विचारायचं तर 'कोणते तीन, आणि कशाच्या भरवशावर?' हे विचारायला हवं. (हे सगळं इंग्लंडचं. वेल्समध्ये बरंचसं असंच आहे, स्कॉटलंडची रीत निराळी.)

सोळाव्या वर्षी इतकी दारं बंद करणं मला कधीच पटलेलं नाही. सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिजच्या व्याख्यानात हेच दुखणं मांडलं होतं. इंग्लंड आपल्या मुलांना फार लवकर एका खणात कोंबतं आणि मग विज्ञानवाले व साहित्यवाले एकमेकांशी बोलेनासे होतात, हा त्यांचा मुद्दा. त्याला सहा दशकं उलटून गेली. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी अठरा वर्षांपर्यंत सगळ्यांनी काही ना काही गणित शिकावं असं जाहीर केलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ए-लेव्हलच्या जागी नवी परीक्षा आणण्याची घोषणा केली, २०२४ मध्ये त्यांचं सरकार गेलं आणि नव्या सरकारने ती योजना गुंडाळली. उरला तो जुनाच नियम. जीसीएसईच्या गणितात (१ ते ९ पैकी) ४ हा ग्रेड मिळाला नाही तर गणित पुढे चालू ठेवावं लागतं. मिळाला तर कायमचा रामराम ठोकता येतो. ज्याला जमलं नाही त्याच्यावर सक्ती आणि ज्याला जमलं त्याला सुट्टी. ही उलटी रीत आहे आणि मी ती उलटी आहे असंच म्हणत राहणार.

पण रीत बदलेपर्यंत मुलं थांबत नाहीत. त्यांना याच वर्षी अर्ज भरायचा आहे.

मी सिक्स्थ फॉर्ममध्ये गणित शिकवते. दर सप्टेंबरला पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नव्या मुलांची एक चाचणी होते. कॅल्क्युलेटरविना, पाऊण तासाची. नवं काही विचारत नाही, सगळं जीसीएसईचंच. त्यातला एक प्रश्न दरवर्षी असतो: क्ष अधिक ३ हा कंस, त्याचा वर्ग करा. वर्गात सगळी मुलं ७, ८, ९ ग्रेडची. सात म्हणजे जुना 'ए'. घरी पेढे वाटलेले असतात. आणि दरवर्षी काही पेपरांवर मला उत्तर दिसतं: क्षचा वर्ग अधिक ९.

मधले सहा क्ष कुठे गेले?

नारळाच्या वड्यांचं ताट डोळ्यांपुढे आणा. चौकोनी ताट, बाजू क्ष अधिक ३. एक काप उभा, एक काप आडवा. तुकडे पडले चार: एक मोठा चौकोन, क्ष बाय क्ष, एक लहान चौकोन, तीन बाय तीन, आणि दोन लांबट पट्ट्या, प्रत्येकी तीन क्ष. मुलाने कोपऱ्यातले दोन चौकोन उचलले आणि दोन्ही पट्ट्या ताटातच राहिल्या. ज्याने हे ताट एकदा कापून पाहिलंय त्याला सूत्र पाठ करावं लागत नाही आणि तो ते विसरतही नाही. ज्याने सूत्र नुसतं पाठ केलं, तो मे-जूनमध्ये बरोबर लिहितो आणि सप्टेंबरात चुकतो.

हीच मुलं ऑक्टोबरात कॅल्क्युलस शिकायला घेतात. तिथे एक भाग दोन वर्गमूळ क्ष असं काही समोर येतं आणि ते घातांकात लिहायचं असतं. मूल छेदातला दोन उचलून वर नेतं, अर्ध्याचे दोन होतात, पुढचं सगळं कोसळतं. मग घरी निरोप जातो, "कॅल्क्युलस अवघड जातंय." कॅल्क्युलस अवघड गेलेलं नाही. ते शिकवायला मला एक आठवडा पुरतो. अवघड गेलेला असतो तो अपूर्णांक, आणि तो दोन-तीन वर्षं अवघडच होता. ग्रेडने तो झाकून ठेवला.

ग्रेड कसा झाकतो, ते सांगते. जीसीएसईचा गणिताचा वरच्या स्तराचा पेपर मोठ्या परीक्षा मंडळांत तीन भागांचा असतो, प्रत्येकी ८० गुण, एकूण २४०. त्यात ७ हा ग्रेड मिळायला किती गुण लागतात? साठ टक्क्यांच्याही खाली ही रेषा अनेकदा गेलेली आहे. त्याच पेपरात ४ तर पंचवीस टक्क्यांच्याही खाली मिळाला आहे. आपल्या एसएससीच्या हिशेबात साठ टक्क्यांखाली फर्स्ट क्लाससुद्धा नव्हता. हा पेपर जास्त कठीण असतो, हे खरं आहे, आणि ७ मिळवणाऱ्या मुलाने मेहनत केलेली असते, हेही खरं आहे. त्याचं कौतुक करूच. पण सातचा अर्थ 'गणित येतं' असा होत नाही. सातचा अर्थ असा की पेपरचा एक मोठा भाग सुटलेला नाही, आणि तो कोणता हे ग्रेड सांगत नाही.

मी सांगते. प्रश्न सोप्याकडून कठीणाकडे जातात. टक्केवारी, गुणोत्तर, आलेख, शक्यता हे आधी होऊन जातं. शेवटाकडे येतात ते बीजगणिताचे अपूर्णांक, वर्गमुळांचे खेळ, पूर्ण वर्ग करणं आणि 'सिद्ध करा'. सातवाल्या मुलांची पानं इथे कोरी असतात. आणि ए-लेव्हलचं पुस्तक उघडलं की पहिला धडा घातांक आणि वर्गमुळांचा, दुसरा वर्गसमीकरणांचा. जिथे जीसीएसईत मुलाने पेन खाली ठेवलं, तिथूनच ए-लेव्हल सुरू होतं.

म्हणून कितीतरी सिक्स्थ फॉर्म गणितासाठी किमान ७ मागतात, गणिताच्या जोडीने घ्यायच्या फर्दर मॅथ्स या वेगळ्या विषयासाठी ८ किंवा ९. पालकांना वाटतं, अट पूर्ण झाली म्हणजे तयारी झाली. अट म्हणजे दारातला उंबरा. आत चालायचं मुलाला आहे, दोन वर्षं.

"आपल्या रक्तातच गणित आहे हो," असं एक काका मला नेहमी सांगतात, आणि मग दोन नावं येतात. पहिलं रँग्लर परांजपे यांचं, जे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे अव्वल, झाले आणि परत येऊन पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवत राहिले. दुसरं जयंत नारळीकर यांचं. या दोन नावांनी माझीही मान ताठ होते. पण नारळीकरांच्या घरात रक्तापेक्षा मोठी एक वस्तू होती: फळा. वडील बनारसच्या विद्यापीठात गणित शिकवणारे. आणि मामा घरच्या फळ्यावर भाच्यासाठी एक गणित लिहून ठेवत, ते सुटेपर्यंत तिथेच राहत असे. नारळीकरांनी स्वतः हे सांगितलेलं आहे. एक गणित दिवसेंदिवस डोळ्यांसमोर असणं, उत्तर कोणी आयतं न सांगणं, आणि ते सुटल्याचा आनंद घरात सगळ्यांना होणं. रक्ताची गोष्ट करणाऱ्या किती घरांत आज असा फळा आहे? ट्यूशन आहे. तासाला पैसे मोजून घेतलेली, मागच्या पेपरांचे ठोकळे बनवून देणारी ट्यूशन. तीच तो सात मिळवून देते आणि तीच पट्ट्या ताटात ठेवून जाते.

आता सायन्सचे विषय. इथे गैरसमज आणखी दाट आहेत.

"गणित नको असेल तर बायॉलॉजी घे," हे वाक्य मी मराठी घरांत ऐकलंय, गुजराती आणि तमिळ घरांत ऐकलंय, इंग्रज शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलंय. ए-लेव्हलचे नियम काय म्हणतात? बायॉलॉजीच्या पेपरात किमान १० टक्के गुण गणिती कौशल्यांचे, केमिस्ट्रीत २० टक्के, फिजिक्समध्ये ४० टक्के. म्हणजे बायॉलॉजीतही गणित आहेच, आणि ते तिथे संख्याशास्त्राच्या रूपाने येतं: काय-स्क्वेअर, टी-टेस्ट, सहसंबंध. गणितापासून पळालेलं मूल बायॉलॉजीच्या वर्गात जाऊन बसतं आणि वर्षभरात संख्याशास्त्र त्याला तिथे गाठतं. त्याला ते आधी माहीत असतं तर ते तयारीने गेलं असतं.

केमिस्ट्रीचा किस्सा माझ्या डोळ्यांसमोरचा. एक मुलगा, केमिस्ट्री-बायॉलॉजी-जिऑग्राफी घेतलेला, दुपारच्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दारात आला. माझा विद्यार्थी नव्हता. हातात पीएचची गणितं. "मिस, हे बटण काय करतं?" कॅल्क्युलेटरवरच्या लॉगच्या बटणावर त्याने बोट ठेवलं होतं. जीसीएसईत लॉगॅरिदम नसतात. ए-लेव्हलच्या गणितात ते नीट शिकवतात. ज्याने गणित सोडलं, त्याला ते पहिल्यांदा भेटतात केमिस्ट्रीत, बटणाच्या रूपात. पीएच एकाने उतरला की आम्लातले हायड्रोजन आयन दहा पट होतात. दोनाने उतरला की शंभर पट. एवढी एक गोष्ट अर्ध्या तासात मी त्याला कागदावर दाखवली. दहाचे घात मांडले, त्यांच्या खाली १, २, ३ लिहिलं. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "हे एवढंच?" हो, एवढंच. पण सहा आठवडे तो ते बटण नुसतं दाबत होता.

फिजिक्सबद्दल तर मी स्पष्टच सांगते. गणिताशिवाय फिजिक्स घेऊ नका. नियमाने घेता येतं, शाळा देतातही. उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचं वजन दोन दिशांत फोडायचं असतं. गणिताच्या वर्गात ते मेकॅनिक्समध्ये दुसऱ्यांदा येतं आणि पक्कं होतं. ज्याला तो दुसरा वर्ग नाही, तो एकाच खेपेत साइन-कोसाइन, सदिश आणि घर्षण सगळं गिळायला बघतो. असं मूल फेब्रुवारीपर्यंत दमलेलं मी पाहिलं आहे, आणि ते आळशी नव्हतं.

प्रयोगांचंही एक लक्षात घ्या. प्रयोगशाळेत रमणारं मूल 'प्रॅक्टिकलचे मार्क मिळतील' या आशेवर असतं, कारण आईबाबांनी बारावीला ते मिळवलेले असतात. इथे तसे मिळत नाहीत. दोन वर्षांत किमान १२ ठरलेले प्रयोग करायचे, त्यांची नोंद ठेवायची, आणि प्रमाणपत्रावर ए-लेव्हलच्या ग्रेडपासून वेगळा 'पास' असा शेरा येतो. ग्रेड सगळा लेखी पेपरांतून ठरतो. मला हे चुकीचं वाटतं. हातात कौशल्य असलेल्या मुलाला त्याची किंमत ग्रेडमध्ये दिसायला हवी. पण दिसत नाही, हे घेण्याआधी माहीत असावं.

आणि 'ट्रिपल' नसल्याची लाज सोडा. काही शाळांत जीसीएसईला तीन सायन्स वेगवेगळे घेता येतात, काहींत एकत्र, म्हणजे कम्बाइन्ड सायन्स, ज्याचे दोन ग्रेड मिळतात. कम्बाइन्ड केलेली मुलं ए-लेव्हलला सायन्स घेतात आणि उत्तम करतात. पहिल्या सत्रात थोडं जास्त वाचावं लागतं, इतकंच. या एका कारणावरून फिजिक्सचा नाद सोडायला लावलेलं मूल मला दर वर्षी एखादं तरी भेटतं.

मग चार विषय. "मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, सगळंच घे, म्हणजे दोन्हीकडे जाता येईल." हा आपला पीसीएमबीचा संस्कार. महाराष्ट्रात त्याला अर्थ होता, आजही आहे, कारण तिथे सीईटीचे दोन गट आहेत आणि मेडिकलची परीक्षा वेगळी. इथे विद्यापीठं प्रवेशाची अट घालतात ती तीन विषयांवर. मेडिकलला केमिस्ट्री बहुतेक ठिकाणी लागते, बायॉलॉजी बऱ्याच ठिकाणी, तिसरा विषय बहुधा मुलाच्या मर्जीचा. इंजिनिअरिंगला गणित आणि फिजिक्स. केमिस्ट्री केमिकल इंजिनिअरिंगला. तीन विषयांत तीन 'ए' मिळवणारं मूल आत जातं आणि चार विषयांत चार 'बी' मिळवणारं बाहेर राहतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, ऑगस्टच्या एका गुरुवारी, शाळेच्या हॉलमध्ये. पाकीट उघडून उभा असलेला मुलगा, शेजारी वडील. वडील पहिल्यांदा म्हणाले, "चार होते ना पण." त्या 'पण'ला विद्यापीठाकडे उत्तर नव्हतं.

अपवाद फर्दर मॅथ्सचा. केंब्रिजला गणित शिकायचं तर ते हवंच, आणि नामांकित ठिकाणी गणित, फिजिक्स, इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स करायचं असेल तर फार उपयोगी पडतं. पण मेडिकलची काही कॉलेजं गणित आणि फर्दर मॅथ्स हे दोन वेगळे विषय म्हणून मोजत नाहीत, हे आधी तपासा. फर्दर मॅथ्स कोणी घ्यावं? ज्याला गणिताचा तास संपल्यावर वाईट वाटतं, त्याने. दुसरी कसोटी मला माहीत नाही. मूल फर्दर मॅथ्सला आहे हे सांगताना आईचा आवाज वर जातो, मला समजतं, पण तो आवाज मुलाच्या पाठीवर बसतो आणि मग विषय सोडायचा झाला तर ते घरी बोलायला धजत नाही. सोडू द्या. गणित ठेवून फर्दर सोडलेली मुलं पुढे छान करतात.

एक गोष्ट मात्र मी शांतपणे लिहू शकत नाही. मुली आणि फिजिक्स.

ए-लेव्हलला बायॉलॉजी घेणाऱ्यांत मुली जास्त आहेत. केमिस्ट्रीतही निम्म्याहून जास्त. गणितात तिसऱ्या हिश्शाहून जास्त. आणि फिजिक्समध्ये पाव हिस्सासुद्धा नाही. एप्रिल २०२२ मध्ये सोशल मोबिलिटी कमिशनच्या तेव्हाच्या अध्यक्ष कॅथरिन बीरबलसिंग संसदेच्या समितीपुढे म्हणाल्या होत्या की त्यात कठीण गणित असतं आणि मुलींना ते नकोसं वाटतं. त्यावर गदारोळ झाला, तो व्हायलाच हवा होता. गणिताला बसणाऱ्या हजारो मुली कठीण गणितच करत असतात. कठीण गणित त्यांना चालतं. मग फिजिक्सच्या दारात त्या का थांबतात?

मी सांगते का. माझ्या गणिताच्या वर्गात एक मराठी मुलगी होती, फिजिक्समध्ये जीसीएसईला ९. पहिल्या आठवड्यात फिजिक्सच्या वर्गात गेली, सतरा मुलगे आणि ती. तिसऱ्या आठवड्यात विषय बदलला. मी विचारलं तर म्हणाली, "प्रयोगाच्या जोड्या लावताना मी नेहमी उरते." घरी तिने सांगितलं होतं की फिजिक्स बोअर आहे. आईला हायसं वाटलं. बायॉलॉजी घेतली म्हणजे मेडिकलचा रस्ता उघडा राहिला. शाळेला वाटलं, तिची आवड. कुणी जोडी लावून दिली नाही, मीही नाही, कारण मला उशिरा कळलं. तिने त्या दोन वर्षांत माझ्या मेकॅनिक्सच्या पेपरात सगळ्यांत जास्त गुण मिळवले.

जोसलिन बेल बर्नेल यांची गोष्ट अशा वेळी मी मुलींना सांगते. उत्तर आयर्लंडमध्ये त्या शाळेत असताना पहिल्याच आठवड्यात मुलग्यांना प्रयोगशाळेत पाठवलं आणि मुलींना गृहविज्ञानाच्या वर्गात. त्यांच्या आईवडिलांनी शाळेशी भांडण केलं आणि पोरीला प्रयोगशाळेत बसवलं. १९६७ मध्ये केंब्रिजला संशोधक विद्यार्थिनी असताना याच बाईंच्या नजरेला पल्सार ताऱ्याची पहिली खूण पडली. २०१८ मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. ते सगळं त्यांनी फिजिक्सकडे कमी संख्येने येणाऱ्या गटांतल्या संशोधक विद्यार्थ्यांना देऊन टाकलं. मला या गोष्टीत पल्सारइतकेच ते आईवडील महत्त्वाचे वाटतात. ते गप्प बसले नाहीत. भांडले. लेक 'बोअर आहे' म्हणाली तर दोन प्रश्न जास्त विचारा: वर्गात मुली किती आहेत, आणि प्रयोगाला तुझ्याबरोबर कोण असतं?

आता कामाचं बोलते.

जीसीएसईचा शेवटचा पेपर जूनच्या उत्तरार्धात संपतो. सिक्स्थ फॉर्म सप्टेंबरात सुरू होतं. मध्ये दहा-अकरा आठवडे. या आठवड्यांत मूल भारतात जातं, आजीआजोबांना भेटतं, झोपतं, मोठं होतं. हे सगळं व्हावं. पण दहा आठवडे बीजगणिताला हात न लावलेलं मूल सप्टेंबरच्या चाचणीला मधले सहा क्ष विसरून येतं, मग त्याचा ग्रेड ७ असो की ८. रोज वीस मिनिटं पुरतात. कंस सोडवणं, कंस बांधणं, अपूर्णांक, घातांक. नवं पुस्तक नको, पुढचा धडा नको. कितीतरी आया मला सांगतात, "सुट्टीत त्याने कॅल्क्युलस करून टाकलं." कृपा करून ते करू नका. जुनं पक्कं करा. ते आमच्यासाठी सोन्यासारखं आहे.

आणि निर्णय चुकलाच, तर पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक शाळा विषय बदलू देतात. ही मुदत प्रत्येक शाळेची वेगळी असते. ती विचारून ठेवा. त्या मुदतीत मुलाला रोज "कसं चाललंय" असं विचारलं तर "ठीक" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी वही मागा. उघडून बघा, गणित कुठे अर्धवट सोडलंय, कुठे खाडाखोड आहे, कुठे उत्तर बरोबर असून मधल्या पायऱ्याच नाहीत. तुम्हाला गणित येत नसलं तरी हे दिसतं. कोरी जागा ओळखायला पदवी लागत नाही.

सिक्स्थ फॉर्मचे अर्ज भरायचे दिवस त्याआधीचे, जीसीएसईच्या वर्षातल्या हिवाळ्याचे. त्याच सुमारास, नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान, शाळेत मॉक परीक्षा झालेली असते. तपासलेला पेपर मुलाच्या दप्तरात तळाशी, घडी पडलेला असतो. पहिल्या पानावरचा आकडा बघू नका. शेवटची चार पानं उघडा आणि मुलाला जवळ बसवून विचारा, "यातलं कोणतं तुला अजूनही सोडवावंसं वाटतं?"

अर्ज त्यानंतर भरा. पेपर आज रात्रीच मागून घ्या.